नुमाच्या हिशेबातली गळती: शेड्यूलरमधल्या एका यूज-आफ्टर-फ्रीच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

आमच्या जुन्या स्टोरेज सर्व्हरांवर अजून लिनक्स ४.१९ च्या सुरुवातीच्या एका पॉइंट रिलीजवरून काढलेला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालतो. स्थिर शाखेशी त्याची फारकत होऊन बरीच वर्षं झाली. आता एका ग्राहकाच्या सुरक्षा तपासणीतून यादी आली आहे आणि तिच्यातली शेड्यूलरची (कोणतं काम कोणत्या प्रोसेसरवर चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाची) ओळ माझ्या वाट्याला आली: सीव्हीई-२०१९-२०९३४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा दोषाचा क्रमांक). फेअर शेड्यूलरच्या (लिनक्सच्या नेहमीच्या शेड्यूलरच्या) शो_नुमा_स्टॅट्स या फंक्शनात यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचली जाते. ५.२.६ च्या आधीच्या आवृत्त्या बाधित.

दुरुस्ती गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा दोष शोधणाऱ्या गटाचे यान हॉर्न यांची, जुलै २०१९ मधली. ५.२.६ ऑगस्ट २०१९ मध्ये आला आणि ४.१९ च्या स्थिर शाखेतही पॅच त्याच सुमाराला गेला. सीव्हीई क्रमांक मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. फक्त सीव्हीईची यादी बघून पॅच उचलणाऱ्यांना ही गोष्ट वर्षभराहून जास्त काळ दिसलीच नसणार. आमच्या शाखेत पॅच का नाही, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

लीडचं म्हणणं, "चेरी-पिक कर, बिल्ड कर, संपव." चेरी-पिक म्हणजे तेवढाच एक बदल आपल्या शाखेत उचलणं. मी थोडा वेळ मागून घेतला. आमच्या शाखेत शेड्यूलरवर घरचे बदल आहेत, आणि बग समोर घडताना पाहिल्याशिवाय तो गेला असं मी लिहून देणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, पण ऑडिटची तारीख लक्षात ठेव."

५ मार्च

आधी यंत्रणा समजून घेतली. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर मेमरी दोन नोडांत विभागलेली असते; याच रचनेला नुमा म्हणतात. आपल्या नोडची मेमरी प्रोसेसरला लवकर मिळते, पलीकडची उशिरा. कोणत्या टास्कला (चालू कामाला) कोणत्या नोडची मेमरी लागते हे कर्नलला आपसूक कळत नाही, म्हणून तो प्रक्रियेची काही पानं अधूनमधून मुद्दाम "प्रवेश नाही" अशी करून ठेवतो. प्रोग्रॅमनं पानाला हात लावला की फॉल्ट येतो, कर्नल त्याची नोंद घेतो, पान पुन्हा खुलं करतो आणि प्रोग्रॅमला पुढे जाऊ देतो. अशा नोंदी साठल्या की पान टास्कच्या नोडवर न्यायचं की टास्क पानाच्या नोडवर, हे ठरतं. हेच स्वयंचलित नुमा बॅलन्सिंग. पाया ३.८ मध्ये घातला गेला, आणि टास्क व त्यांचे गट यांचा हिशेब ३.१३ च्या सुमाराला आला.

हा हिशेब प्रत्येक टास्कच्या नुमा_फॉल्ट्स नावाच्या टेबलात राहतो. मेमरी आणि सीपीयू, सामायिक आणि खासगी, पक्के आकडे आणि तात्पुरते आकडे: अशा जोड्या गुणल्या की दर नोडमागे ८ आकडे, प्रत्येकी ८ बाइट. नोडमागे ६४ बाइट, दोन नोडांच्या यंत्रावर १२८. म्हणजे टेबल केमॅलॉक-१२८ च्या, म्हणजे १२८ बाइटांच्या तुकड्यांच्या, कॅशमधून येतं. हा आकडा पुढे लागणार आहे.

टेबल टास्कच्या जन्माबरोबर तयार होत नाही. पहिला नुमा फॉल्ट येईपर्यंत टेबलाचा पत्ता ठेवणारा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, असतो. फोर्क झालेल्या (प्रक्रियेची प्रत काढून जन्मलेल्या) पोरालाही बापाचं टेबल मिळत नाही, त्याचा पॉइंटर नलच.

आणि हे आकडे बाहेर दिसतात. /प्रॉक/पीआयडी/शेड ही फाइल (प्रॉक म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा, पीआयडी म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक) उघडली की शेवटी प्रत्येक नोडची एक ओळ असते: टास्क_प्रायव्हेट इतके, टास्क_शेअर्ड इतके, ग्रुपचे इतके. फाइल वाचायची परवानगी सगळ्यांना आहे, रूट असायची गरज नाही.

६ मार्च

आजचा दिवस वाचनात गेला. चांगला गेला.

टास्क_नुमा_फ्री हे फंक्शन एकटं काढून वाचलं तर त्यात बोट ठेवायला जागा नाही. गटातून आपले आकडे वजा करतं, गट सोडतं, पॉइंटर नल करतं, मग केफ्री, म्हणजे मेमरी मोकळी. आधी नल, नंतर केफ्री, म्हणजे क्रमही नीट पाळलेला आहे. मी रिव्ह्यूला बसले असते तरी पुढे गेले असते.

दोष फंक्शनाच्या पत्त्यावर आहे. मरणाच्या वाटेवर त्याला बोलावणारी जागा एकच: टास्क स्ट्रक्चरवरचा शेवटचा संदर्भ सुटतो तिथे. त्या क्षणी टास्क मेलेलं असतं, प्रॉकमधून कुणी त्याच्यापर्यंत पोचत नाही, शेड्यूलरही नाही. लॉक नाही, आरसीयू (वाचणारा असेपर्यंत मेमरी मोकळी न करण्याची कर्नलची पद्धत) नाही, आणि दोन्हींची गरजही नाही. ही अट कोडमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती. ती फक्त बोलावण्याच्या जागेत गृहीत होती.

मग २०१४ मध्ये एका छोट्या पॅचनं हेच फंक्शन एक्झेकच्या (चालू प्रक्रियेत नवा प्रोग्रॅम चढवण्याच्या) वाटेवरही बोलावलं. कारण अगदी रास्त होतं: नुमा गटातल्या टास्कनं एक्झेक केलं तर नवा, काहीही संबंध नसलेला प्रोग्रॅम जुन्या गटाचा सदस्य राहतो आणि गटांची रचना बिघडते. उपायही सोपा वाटणारा, आहे ते सफाईचं फंक्शन बोलवा. पण एक्झेकच्या वेळी टास्क जिवंत असतं. पीआयडी तोच, प्रॉकमधली जागा तीच, रन-क्यूवरचं (चालण्याच्या रांगेतलं) नावही तेच. भाडेकरू गेल्यावर खोली रिकामी करायचं काम ज्याच्याकडे, त्याला भाडेकरू आत जेवत असताना किल्ली दिली, असा हा प्रकार. २०१४ ते २०१९, पाच वर्षं तो कुणाला दिसला नाही, कारण डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसते ती एक जास्तीची ओळ. ज्या फंक्शनाचा अर्थ तिनं बदलला ते डिफमध्ये येतच नाही.

मेमरीच्या चुका म्हटलं की आपण केफ्रीच्या ओळीवर नजर लावून बसतो. इथे केफ्रीची ओळ जन्मापासून तशीच आहे.

९ मार्च

क्यूएमूवर (आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) प्रयोगशाळा उभी केली. चार व्हीसीपीयू, चार जीबी मेमरी, दोन नोडांत निम्मी-निम्मी. कर्नल आमच्या शाखेचाच, दोन प्रकारे बांधलेला: एक केसॅनसह (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी), एक साधा. बूट होताना स्वयंचलित नुमा बॅलन्सिंग चालू केल्याची ओळ दिसली. एकच नोड असलेल्या यंत्रावर ती दिसत नाही आणि हा बगही तिथे लागू पडत नाही. म्हणजे साधा लॅपटॉप यात नाही.

१० मार्च

दोन प्रोग्रॅम लिहिले. पहिला स्वतःलाच पुन्हापुन्हा एक्झेक करतो. दुसरा त्याची शेड फाइल अखंड वाचत राहतो.

पहिल्या धावेत सगळं शांत. ते अपेक्षितच, कारण एक्झेक इतक्या लवकर होतं की टेबल तयारच झालेलं नसतं. स्कॅन सुरू होण्याआधीची मुदत मूळ सेटिंगप्रमाणे १००० मिलिसेकंद, आणि ती घड्याळाची नसून टास्कनं सीपीयूवर घालवलेल्या वेळेची. एक सेकंद झोपवून उपयोग नाही, सेकंदभर राबवायला हवं. म्हणून पहिल्या प्रोग्रॅमला काही मेगाबाइटचा अॅरे दिला आणि तो गोल गोल लिहायला लावलं. शेड फाइलमधला एकूण नुमा फॉल्टचा आकडा शून्यावरून हलला की लगेच एक्झेक.

हल्लेखोराच्या बाजूनं पाहिलं तर हाच त्याचा खर्च. एका एक्झेकमागे एक संधी, आणि प्रत्येक संधीसाठी साधारण सेकंदभराची सीपीयूची मजुरी. प्रयोगशाळेत सिस्कंट्रोलमधून (चालू कर्नलची सेटिंग बदलण्याच्या सोयीतून) मुदत कमी करता येते, पण ते रूटला. हल्लेखोराला ती सोय नाही.

११ मार्च

फट किती अरुंद आहे ते डिसअसेम्ब्लीत पाहिलं. शो_नुमा_स्टॅट्स दर नोडला पॉइंटर नल आहे का बघतं आणि नसेल तर दोन आकडे उचलतं. आमच्या कंपायलरनं पॉइंटर एकदाच रजिस्टरमध्ये घेतला आहे, तपासणी आणि दोन्ही वाचनं त्याच्यावरच. म्हणजे पॉइंटर हातात घेतल्यापासून शेवटचं वाचन होईपर्यंतच्या मोजक्या सूचना, एवढीच फट. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर नल लिहिणं आणि केफ्री, दोन्ही उरकलं पाहिजे. सरळ चालत्या यंत्रावर हे जवळजवळ जमत नाही. वाचणाऱ्याला नेमक्या त्या जागी इंटरप्टनं गाठलं किंवा हायपरव्हायझरनं त्याचा व्हीसीपीयू काढून घेतला, तरच.

कोडमध्ये रीड_वन्स ("एकदाच वाच" असं कंपायलरला बजावणं) नाही, त्यामुळे कंपायलर दुसऱ्या दिवशी पॉइंटर दोनदा वाचायलाही मोकळा आहे. तसं झालं तर चोरून वाचण्याऐवजी नल पॉइंटरवर सरळ ऊप्स, म्हणजे कर्नलची घातक चूक. एकाच सोर्समधून दोन वेगळे आजार, कोणता होणार हे कंपायलरच्या मर्जीवर.

१२ मार्च

चाचणीच्या कर्नलमध्ये फट मुद्दाम रुंद केली: तपासणी आणि वाचन यांच्यामध्ये काही मिलिसेकंदांची झोप. वाचणाऱ्याच्या हातात तिथे स्पिनलॉक नसतो, त्यामुळे झोपायला हरकत नाही. पॉइंटर झोपेच्या आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावा लागतो. नाहीतर कंपायलर झोपेनंतर तो पुन्हा वाचतो आणि कालचा ऊप्सचा प्रकार घडतो, जो मला इथे नको आहे.

केसॅनच्या बिल्डवर अहवाल लगेच आला. यूज-आफ्टर-फ्री, शो_नुमा_स्टॅट्समध्ये, ८ बाइटचं वाचन. खालचे दोन स्टॅक म्हणजे ६ तारखेच्या नोंदीचा पुरावाच. मेमरी घेतली: पानाचा फॉल्ट, तिथून टास्क_नुमा_फॉल्ट. मेमरी सोडली: एक्झेक, तिथून टास्क_नुमा_फ्री. वाचणारा: प्रॉकच्या फाइलवरचं साधं रीड.

अहवाल कापून ऑडिटच्या फायलीत ठेवला.

१३ मार्च

प्रश्न असा की बाहेर काय पडतं. सुरक्षा तपासणीवाल्यांना गंभीरतेचा आकडा हवा असतो, मला बाइट हवे आहेत.

केसॅन मोकळी केलेली मेमरी काही काळ अडवून ठेवतं, म्हणून हा प्रयोग साध्या बिल्डवर, रुंद केलेल्या फटीसह.

टेबलातला पहिला चतुर्थांश, म्हणजे मेमरीचे पक्के आकडे, तेवढाच शेड फाइलमध्ये छापला जातो. दोन नोडांवर १२८ पैकी पहिले ३२ बाइट. त्यातही एका डावात ३२ मिळत नाहीत. पुढच्या नोडच्या वेळी पॉइंटर पुन्हा वाचला जातो, तोवर तो नल झालेला असतो, आणि छापायचे व्हेरिएबल लूपच्या बाहेर जाहीर केलेले असल्यामुळे आधीच्या नोडचे आकडे तसेच पुन्हा छापले जातात. शून्याच्या नोडवर डाव साधला तर पहिले १६ बाइट, एकच्या नोडवर साधला तर पुढचे १६. दोन्ही नोडांच्या ओळींत हुबेहूब तेच भले मोठे आकडे दिसले की समजायचं, डाव शून्यावर साधला.

आता त्यातल्या पहिल्या ८ बाइटांची गंमत. ४.१९ च्या स्लब अॅलोकेटरमध्ये (मेमरीचे तुकडे वाटणाऱ्या भागात) मोकळ्या वस्तूच्या अगदी सुरुवातीला पुढच्या मोकळ्या वस्तूचा पॉइंटर लिहिलेला असतो. (तो मध्यभागी नेण्याचा बदल पुढे ५.७ मध्ये आला.) आणि टेबलाचा पहिला आकडा म्हणजे शून्य नोडचा टास्क_शेअर्ड. थोडक्यात, कर्नल आपल्या हीपमधला (मागणीप्रमाणे वाटलेल्या मेमरीतला) पत्ता दशमान आकड्यात लिहून "सामायिक फॉल्ट" म्हणून हातात देतो. माझ्या यंत्रावर ती ओळ आली: १८४४६ पासून सुरू होणारा वीस अंकी आकडा. कर्नलचे पत्ते चिन्हाविना दशमानात छापले की असेच दिसतात.

स्लब फ्रीलिस्ट हार्डन्ड हा पर्याय लावून बांधलं तर तो पॉइंटर गुप्त संख्येशी एक्सॉर झालेला असतो आणि आकडा निरुपयोगी होतो. पर्याय ४.१४ पासून उपलब्ध आहे. आमच्या उत्पादनाच्या कॉन्फिगमध्ये तो बंद निघाला. कारण विचारलं तर उत्तर "कामगिरी". मोजमाप कुणाकडे नाही.

मेमरी लगेच दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर फ्रीलिस्टच्या पॉइंटरऐवजी त्या नव्या वस्तूचे बाइट वाचले जातात, ९७ ते १२८ बाइटांची कुठलीही वस्तू. तिच्यात फंक्शन पॉइंटर असेल तर केएएसएलआरचा (कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर ठेवून लपवण्याचा) पडदा गेला.

इथे लिहिणं मात्र कुठेच होत नाही, फक्त वाचन. या एका बगनं कुणी रूट होत नाही. दुसऱ्या, लिहू देणाऱ्या बगला पत्ता पुरवणं हे याचं काम. म्हणून यादीतली मध्यम ही वर्गवारी मला पटते. "मध्यम आहे, पुढच्या तिमाहीत बघू" हे पटत नाही.

१६ मार्च

ज्या बॉक्सना लगेच रीबूट मिळणार नाही त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय शोधला.

प्रॉक हाइडपिड (दुसऱ्यांच्या प्रक्रिया लपवणारा पर्याय) लावून माउंट करावं, असं ऑपरेशन्सकडून सुचवलं गेलं. उपयोग नाही. हल्लेखोराला दुसऱ्याची फाइल वाचायचीच नाही. एक्झेक करणारी प्रक्रिया त्याचीच, वाचणारीही त्याचीच, गळती कर्नलच्या हीपची. दोन्ही बाजू एकाच वापरकर्त्याच्या असताना त्यांना एकमेकांपासून लपवून काय मिळणार?

सिस्कंट्रोलमधून नुमा बॅलन्सिंग बंद करणं मात्र कामाचं. नवे फॉल्ट नोंदले जात नाहीत, म्हणजे नवी टेबलं बनत नाहीत. आधीच बनलेली राहतात आणि त्या टास्कनं एक्झेक केलं तर तीच वाट चालू राहते. त्यामुळे बूटच्या कमांड लाइनवरच बंद केलेलं बरं, पण रीबूट मिळत असेल तर मग पॅचच का नको, असा हा पेच. आमच्या कामाच्या पद्धतीत डेमन एकदा सुरू झाले की एक्झेक करत नाहीत, म्हणून चालू यंत्रावर बंद करणं पुरेसं मानलं. मेमरीच्या स्थानाचा फायदा जातो, त्याची किंमत स्टोरेजच्या टीमनं मोजावी.

१७ मार्च

पॅच आणला. दुरुस्ती इतकी साधी आहे की आधी जरा निराशाच होते. टास्क_नुमा_फ्रीला एक बूलियन दिला: हा शेवटचा निरोप आहे की नाही. शेवटचा असेल तर पूर्वीसारखं नल आणि केफ्री. एक्झेक असेल तर टेबल जागेवर ठेवायचं, आकडे शून्य करायचे, गट सोडायचा. टास्क जिवंत आहे तोवर टेबलही जिवंत.

पॉइंटर आरसीयूखाली आणणं किंवा लॉक लावणं हेही मार्ग होते, मूळ पॅचच्या वर्णनात त्यांचा उल्लेख आहे. लीडला आरसीयूचा मार्ग जास्त "योग्य" वाटला. माझं मत उलट. आरसीयूनं प्रत्येक वाचणाऱ्यावर नियम लादला असता, आणि नियम विसरणारा वाचक उद्या पुन्हा जन्मला असता. आयुष्यच टास्कइतकं केलं की वाचणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. किंमत दोन नोडांवर टास्कमागे १२८ बाइट, तीही जुनं टेबल असलेल्या टास्कनं एक्झेक केल्यावर नव्या प्रोग्रॅमला कधी फॉल्ट आलाच नाही तर.

वाचणाऱ्याला अर्धे शून्य झालेले आकडे दिसू शकतात. दिसू देत. आकडेवारी क्षणभर चुकेल, मेमरी नाही.

आमच्या शाखेत पॅच जसाच्या तसा लागला नाही. घरच्या एका बदलानं एक्झेकच्या वाटेवर आणखी एक आकडेवारी पुसली जाते, तिच्याशी टक्कर झाली. हातानं जुळवलं.

१८ मार्च

याच दुरुस्तीची दुसरी बाजू आज नीट पाहिली, कारण ती प्रॉकशिवायही घडू शकते.

नुमा फॉल्टनंतर शेड्यूलर दुसऱ्या नोडवर चालू असलेल्या टास्कशी अदलाबदल फायद्याची आहे का ते तपासतो. टास्क_नुमा_कम्पेअरमध्ये तो पलीकडच्या सीपीयूवरचं चालू टास्क आरसीयूच्या आडोशानं धरतो, ते मरायला टेकलं नाही ना हे झेंड्यावरून पाहतो, मग त्याचं वजन काढायला नुमा_फॉल्ट्स वाचतो. आरसीयू टास्क स्ट्रक्चरला वाचवतं, त्याला लटकलेल्या टेबलाला नाही. आणि झेंडा विचारतो "एक्झिट होतंय का", एक्झेकबद्दल विचारायचं तेव्हा कुणाच्या मनातच नव्हतं. ६ तारखेला सापडलेलं गृहीतक इथेही तसंच उभं आहे.

या वाटेनं वाचलेलं बाहेर छापलं जात नाही. फार तर टास्क चुकीच्या नोडवर जाईल. पॅचनं हीही वाट बंद होते, वेगळं काही करावं लागत नाही.

गटाच्या पॉइंटरचं मात्र वेगळं आहे. गट सोडताना केफ्री_आरसीयू वापरलं होतं, म्हणजे सोडणाऱ्यानं आरसीयूचा नियम पाळला, पण वाचणाऱ्या जागांपैकी सगळ्यांनी नाही. काहींनी आरसीयूचं कुलूप न घेता पॉइंटर उचलला होता, शो_नुमा_स्टॅट्स त्यातलंच. त्यासाठी यान हॉर्न यांचाच जोडीचा दुसरा पॅच आहे: नुमा_ग्रुपचं प्रत्येक वाचन आरसीयूच्या मदतनीस फंक्शनांतूनच. सीव्हीईच्या ओळीत हा दिसत नाही. यादीपुरतं काम केलं असतं तर तो राहून गेला असता. दोन्ही घेतले.

२० मार्च

पॅच लावलेल्या केसॅन बिल्डवर रुंद केलेली फट तशीच ठेवून आठवडाअखेर चालवायला लावलं. लॉकडेप (कुलपांच्या वापराची तपासणी) आणि आरसीयूची तपासणीही चालू, म्हणजे आमच्या घरच्या बदलांत कुणी नुमा_ग्रुप उघडा वाचत असेल तर ओरड होईल.

२३ मार्च

केसॅन गप्प. आरसीयूची ओरड मात्र एकदा झाली: आमच्याच एका ट्रेसिंगच्या तुकड्यात, जो गटाचा क्रमांक लॉगमध्ये टाकतो. तो मुख्य कर्नलमध्ये नाहीच, त्यामुळे बाहेरच्या कुठल्याच पॅचनं तो सुधारला नसता. रीड लॉक घातला, पुन्हा चालवलं, शांत.

स्टोरेजच्या टीमनं नुमा बॅलन्सिंग चालू आणि बंद ठेवून मोजलं. बंद ठेवलेलं त्यांना परवडत नाही. तात्पुरता उपाय म्हणूनच राहील.

२५ मार्च

दोन्ही पॅच आणि ट्रेसिंगची दुरुस्ती मुख्य शाखेत गेली. फ्रीलिस्ट हार्डन्ड चालू करण्याचा वेगळा प्रस्ताव टाकला आहे, सोबत आमच्या बॉक्सवरचं मोजमाप जोडून. यावेळी "कामगिरी" म्हणणाऱ्यानं आपला आकडा द्यावा.

उरलेल्या वेळात शेड्यूलरच्या डिरेक्टरीत आणि एक्झेकच्या फाइलीत एकच गोष्ट शोधतेय: मरणाच्या वेळेसाठी लिहिलेली आणि नंतर जिवंत टास्कवर बोलावली गेलेली सफाईची फंक्शनं. गिट ब्लेम (कोणती ओळ कधी आली ते सांगणारी आज्ञा) लावून प्रत्येक बोलावणाऱ्या ओळीची तारीख फंक्शनाच्या तारखेशी ताडायची. ओळ बरीच नंतरची असेल तर थांबून वाचायचं. आमच्या घरच्या बदलांत अशी दोन फंक्शनं निघाली आहेत. एक निर्धोक दिसतंय. दुसऱ्यात सीग्रुप (संसाधनं वाटून देण्यासाठी केलेला प्रक्रियांचा गट) बदलताना जुनं टेबल मोकळं होतं आणि त्याची फाइलही सगळ्यांना वाचता येते. त्याचं तिकीट आज उघडलं, फट रुंद करायचा पॅच सोमवारी.